पाठवणीनंतरचे बाप-लेक

बाप-लेकीच्या नात्याचं मराठी माणूस फार कौतुक करतो. पण हे कौतुक नीट पाहिलं तर त्याला दोनच जागा सापडतात. पहिली बापाच्या खांद्यावरची. सोलापूरकरांच्या डोळ्यांपुढे ती लगेच येईल: संक्रांतीचा गड्डा, होम मैदानावरची गर्दी आणि खांद्यावर बसून नंदीध्वजांची मिरवणूक बघणारी चार वर्षांची पोर. दुसरी जागा मांडवाच्या दारातली. एरवी कधी न रडणारा बाप त्या दिवशी रडतो आणि ते रडणं घरात पुढे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. या दोन प्रसंगांवर आपल्याकडे अमाप लिहिलं आणि गायलं गेलं आहे. पाठवणीनंतर मात्र सगळं गप्प होतं. त्यानंतरही बाप आणि लेक दोघं कितीतरी वर्षं हयात असतात, दोघांची डोकी चालत असतात, दोघांना जग बघून आलेलं शहाणपण असतं. त्या वर्षांसाठी आपल्याकडे या नात्याला कसलाही आकार नाही.

माहेरी आलेली लेक आईजवळ स्वयंपाकघरात बसते. बाप विचारतो, कधी आलीस, किती दिवस आहेस, जावईबापू बरे आहेत ना. आणि चप्पल घालून बाहेर पडतो. फोन बापाने उचलला तर दुसऱ्या वाक्याला म्हणतो, थांब, आईला देतो. यात प्रेमाचा अभाव नाही. बोलायला विषयच दिलेला नाही. मुलाशी बापाला बोलायला शेत असतं, सोसायटीचं कर्ज असतं, गावचं राजकारण असतं. लेकीशी बोलायला फक्त तिची खुशाली असते.

त्यात एक जुनी रीत आहे. लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही. तिला मूल होईपर्यंत तर तिच्या दारी जेवायचं नाहीच. मराठवाड्याच्या सीमेवरच्या गावांत आणि आमच्या सोलापूर भागात ही रीत पाळणारी म्हातारी माणसं अजून आहेत. कन्या दान केली, दिलेल्या दानातलं परत कसं घ्यायचं, असा तिच्यामागचा विचार. या रीतीला साधेपणाचा आणि निःस्वार्थाचा मान मिळतो. मला तिच्यात दुसरंही काही दिसतं. ज्याच्या घरी आपण जेवत नाही त्याच्याशी आपला व्यवहार संपलेला असतो. ही रीत बापाला निर्मोही ठरवते आणि त्याच झटक्यात लेकीला परकी.

म्हणून मला असं ठामपणे वाटतं की मोठ्या झालेल्या लेकीने आणि बापाने मिळून, दोघांनीच, प्रवास करायला हवा. आई, जावई, नातवंडं बरोबर नकोत. तीर्थयात्रा चालेल, पण सोलापूर जिल्ह्यातल्या माणसांना मी द्राक्षांचा मुलूख सुचवेन. कारण हा प्रवास शेवटी जमिनीपाशी येऊन थांबतो, आणि बाप-लेकीचं जे बोलणं पाठवणीच्या दिवसापासून अडलेलं असतं ते जमिनीबद्दलचंच असतं.

आम्ही, म्हणजे मी आणि आप्पा, गेल्या हंगामात असा प्रवास केला. आप्पा द्राक्ष बागायतदार. बाग आता भाऊ बघतो. मी पुण्यात नोकरी करते. प्रवासाचं वर्णन मी फार करणार नाही. त्यातून मला जे कळलं त्यासाठी तो इथे येतो आहे.

सोलापूर जिल्ह्यात पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही नेमाने पडत नाही. अशा मुलखात द्राक्ष कसं आलं, हे कळायला बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला जावं. बाहेरच्यांना नान्नज माळढोक अभयारण्यासाठी माहीत आहे. बागायतदारांना ते नानासाहेब काळ्यांचं गाव म्हणून माहीत. थॉमसन सीडलेसच्या बागेत लांबट मण्यांचा एक वेगळा वेल त्यांच्या नजरेत भरला. तो त्यांनी निवडला, वाढवला, आणि त्यातून ‘सोनाका’ हे वाण उभं राहिलं. नावात सोलापूर आहे आणि काळेही आहेत. काळ्या द्राक्षातलं ‘शरद सीडलेस’ हेही त्यांचंच. पुढे मुलगा दत्तात्रय काळे यांनी ते काम चालवलं आणि आणखी वाणं दिली. विद्यापीठाच्या पदवीवाचून, रोज बागेत हिंडून, एका वेलीतला फरक ओळखण्याइतकी नजर तयार करणं ही या मातीतली मोठी विद्या आहे, आणि तिचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण ही विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाते कशी? पुस्तकातून नाही. बापाच्या मागे मागे चालून. सकाळी बागेत शिरायचं, पान उलटून बघायचं, बाप ज्या वेलीपाशी थांबला तिथे आपणही थांबायचं. आमच्या जिल्ह्यातल्या घराघरात मुलगा असा चालतो, आणि दहाव्या-बाराव्या वर्षापासून मुलीचं मागे चालणं बंद होतं. तिला शाळेत पाठवतात, पुढे कॉलेजात, पुण्याला. यात बापाचा त्याग असतो आणि त्याबद्दल लेकी कृतज्ञ असतात. मीही आहे. तरी जे शिक्षण तिला दिलं जातं ते घरातून बाहेर जाण्याचं असतं, आणि मुलाला मिळतं ते घरात राहण्याचं. मग बाग कुणाची, हा प्रश्न कागदावर येण्याच्या फार आधी बागेतच सुटलेला असतो. ज्याला ती कळते त्याची.

आप्पांबरोबर हिंडताना मला पहिल्यांदा कळलं की आपल्याकडचा वेल वर्षातून दोनदा छाटतात आणि फळ एकदाच घेतात, ते का. युरोपात थंडीत वेल झोपतो, पानं गाळतो, वसंतात उठतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतो. सोलापूरच्या उन्हात वेलाला झोप नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून त्याला नवी काडी फोडायला लावायची, आणि ऑक्टोबरात फळछाटणी. जानेवारीपासून मार्चपर्यंत माल निघतो. मी समजत होते की घड ऑक्टोबरनंतर तयार होतो. आप्पा म्हणाले, “घड मे म्हैन्यातच ठरतोय बघ. आक्टोबरात नुसता भाईर पडतोय.” खरड छाटणीनंतर चाळीस-साठ दिवसांच्या काळात काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो. ऊन जास्त झालं, पाणी कमी-जास्त झालं, ढग राहिले, की तो घड बाळीवर जातो, म्हणजे फळाऐवजी नुसता तणावा निघतो. म्हणून शेतकरी छाटणीआधी काड्या घेऊन प्रयोगशाळेत जातो आणि डोळ्यांची तपासणी करून आणतो. ज्या मे महिन्यात आम्ही मुलं सुट्टीला म्हणून बागेत खेळत होतो, त्या महिन्यात आप्पा वर्षाचं नशीब सांभाळत होते. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मला ते लागणार नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

प्रवासातून बाप लेकीला काय देऊ शकतो याचं आपल्या इतिहासात एक थोर उदाहरण आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी शास्त्रीमंडळींचा विरोध सोसला. पुढे हे सगळं कुटुंब तीर्थामागून तीर्थ करत, पुराणं सांगत देशभर पायी हिंडलं. १८५८ साली जन्मलेली त्यांची धाकटी मुलगी त्या वाटेवर आईकडून संस्कृत शिकली. १८७४च्या दुष्काळात आई-बाप गेले. मागे जमीनजुमला नव्हता. मुलगी भावाबरोबर चालत राहिली, १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली, आणि तिथल्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ म्हटलं. पंडिता रमाबाईंची ही कथा आपण स्त्रीशिक्षणाची कथा म्हणून शिकतो. मला ती बरोबर चालण्याचीही वाटते. घरी बसवून बापाने जे दिलं नसतं ते वाटेवर दिलं गेलं, कारण वाटेवर घरातली कामाची वाटणी सैल होते. अनंतशास्त्र्यांकडे द्यायला विद्याच होती, ती त्यांनी लेकीपासून राखून ठेवली नाही. आमच्या बापांकडे विद्या आहे आणि जमीनही आहे.

नान्नजहून मोहोळमार्गे पंढरपूर, तिथून जवळचं कासेगाव. या पट्ट्यात द्राक्षाचा बेदाणा होतो. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरतात. पंधरवड्यात माल सुकतो. साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडतो. शेडमध्ये निवडायला बसलेल्या सगळ्या बायका. बागेत विरळणीलाही बायका, शेंडा मारायलाही बायका. देशाच्या २०१५-१६ च्या कृषिगणनेत बाई वहितीदार असलेल्या वहिती सुमारे १४ टक्केच निघाल्या. द्राक्षाचा जवळपास प्रत्येक मणी बाईच्या बोटांखालून जातो. ती बोटं शेतात हवी असतात, तलाठ्याच्या दप्तरात नको असतात.

पंढरपूरच्या पुढे वेळापूर, मग अकलूज. ज्ञानोबांची पालखी वेळापूरवरून येते आणि तुकोबांची अकलूजवरून. माळशिरस तालुका दोन्ही पालख्यांचा. त्याच तालुक्यात, अकलूजजवळ मोटेवाडीला, गेली पंधरा-वीस वर्षं फ्रातेल्ली वाइन्सचे द्राक्षमळे आहेत. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ही कंपनी उभी केली, टस्कनीचे पिएरो मासी वाइन करायला आले, आणि टस्कनीतलं सांजोवेझे हे द्राक्ष नीरा खोऱ्यात रुजलं. उसाच्या मुलखात हे धाडस होतं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आप्पा माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी चुकत नाही. त्यांना घेऊन वायनरीत जाणं म्हणजे त्यांचा अपमान, असं घरच्या काहींना वाटलं. आप्पांना तसं वाटलं नाही. “बाग बघायची की, पिणाराची पितील,” एवढंच ते म्हणाले. आणि बाग त्यांनी अशी बघितली की दाखवणारा मुलगा त्यांच्याकडून शिकू लागला. ओळी मांडवाच्या किंवा वाय आकाराच्या नाहीत, तारेवर उभ्या भिंतीसारख्या. ते लगेच टिपलं. एका वेलीवर माल इतका कमी का धरलाय, हे विचारलं. वाइनच्या द्राक्षाला मणी लहान लागतो, साल जाड लागते, बी असलेलं चालतं, जीए हे वाढीचं संजीवक द्यायचं नाही, एकरी टन जाणूनबुजून कमी ठेवायचे आणि गोडी बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत चढू द्यायची. आपल्या खायच्या द्राक्षात सगळं उलट: मोठा मणी, पातळ साल, बिनबियांचा, अठरा ब्रिक्सला तोड. आप्पांना हे पटलं आणि त्यांनी एक वाक्य बोलून एका मोठ्या वादाचा निकाल लावला: म्हणजे आपला पडेल माल ह्यांच्या कामाचा नव्हंच.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य सरकारने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा द्राक्ष शेतकऱ्याचं भलं हे त्याचं मुख्य कारण सांगितलं गेलं. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती मागवल्या. त्या वादात दोन्ही बाजू शेतकऱ्याचं नाव घेत होत्या. सोलापूर-पंढरपूरचा शेतकरी खायचं द्राक्ष आणि बेदाणा करतो. दर पडले तर त्याचा सोनाका वाइनमध्ये जाऊन वाचणार नाही. वाइनची बाजू मांडणाऱ्यांनी त्याच्या खांद्यावर बंदूक ठेवू नये.

विरोधाचा भाग मात्र मला हलका वाटत नाही. बाप आणि दारू हे दोन शब्द शेजारी आले की आपल्याकडच्या लाखो लेकींच्या पोटात गोळा येतो. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे ती हौसेने नाही. सोलापूरच्या साखर कारखान्यांच्या मळीतून जी देशी दारू होते तिने किती संसार गेले हे इथल्या विडी कामगार बायकांना विचारावं. ज्या मुलीने लहानपणी रात्री बापाच्या पावलांचा अंदाज घेतला आहे तिला कुणी बापाबरोबर वाइनच्या मुलखात जा म्हणून सांगू नये. राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, पिण्यासाठी परवाना लागतो, वाइनला २१ आणि कडक दारूला २५ वर्षं वयाची अट आहे. कायद्यानेही या गोष्टीला जपूनच हात लावला आहे. पण म्हणूनच मोटेवाडीची ती दुपार मला महत्त्वाची वाटते. मी दोन घोट घेतले, आप्पांनी पेला नाकाशी नेऊन वास घेतला आणि खाली ठेवला. मी काय घ्यावं हे त्यांनी ठरवलं नाही, त्यांनी काय सोडावं हे मी ठरवलं नाही. लेकीच्या घरचं पाणी न पिण्याची रीत ज्या माणसाने पाळली होती, तो लेकीने काढलेल्या तिकिटावर तिच्याबरोबर एका टेबलाशी बसला होता, आपली माळ सांभाळून. बरोबरीची दोन माणसं अशीच बसतात. बरोबरीला एकच सवय लागते असं नाही.

वाइनच्या मुलखाची आणखी एक गोष्ट इथे उपयोगाची आहे. टस्कनीतच आंतिनोरी घराणं १३८५ पासून वाइनच्या धंद्यात आहे, सव्वीस पिढ्या. त्यांची ‘तिन्यानेल्लो’ ही प्रसिद्ध वाइन सांजोवेझे आणि काबेर्ने यांच्या मेळातून होते, जसा मेळ अकलूजच्या फ्रातेल्लीच्या ‘सेत्ते’ या वाइनमध्ये आहे. इतक्या पिढ्या बापाकडून मुलाकडे आलेला हा वारसा पिएरो आंतिनोरींनंतर तीन मुलींकडे गेला. अध्यक्षपदी थोरली आल्बिएरा. हे उदाहरण आपल्याकडे सांगितलं की लोक माना डोलावतात. मला ते पुरेसं वाटत नाही. पिएरोंना मुलगा नव्हता. मुलगा नसेल तर आपल्याकडेही लेकीला मिळतं. घरजावई आणतात, आणि हल्ली सरळ लेकीच्या नावावर करतात. कसोटी मुलगा असताना लागते. पिएमोंतेमध्ये बार्बारेस्कोच्या आंजेलो गाया यांना दोन मुली आणि एक मुलगा, आणि तिघंही घरच्या वाइनच्या कामात आहेत. जगभर त्या घराचं नाव घेऊन हिंडते ती थोरली लेक गाया. माझ्या म्हणण्याला हे घर जवळचं.

आपल्याकडचा कायदा इटलीची वाट बघत थांबलेला नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला. पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगून टाकलं की बाप २००५ मध्ये हयात असायलाच हवा होता असं नाही. हक्क जन्माने आहे. त्याही आधी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनात लाखो शेतकरी बायका जमल्या, आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढून गावागावांतल्या शेतकऱ्यांना बायकोच्या नावावर जमीन करायला लावली. तिथे बायको आली. लेक तेव्हाही राहिलीच.

कायदा आहे, मग अडतं कुठे? तेराव्याला. बाप गेला की वारस नोंदीसाठी सगळ्यांची नावं लागतात, आणि त्याच आठवड्यात बहिणींपुढे हक्कसोडपत्र येतं. घरात पाहुणे असतात, आई भिंतीला टेकून बसलेली असते. सही केली तर साडीचोळी, भाऊबीज, दिवाळीचं माहेर. नाही केली तर दार बंद. कुठलीही बाई अशा वेळी जमिनीपेक्षा दार निवडते, आणि मग आपण म्हणतो की आमच्याकडच्या बहिणी फार समजूतदार, त्यांनी स्वखुशीने सोडलं. जिच्यापुढे दुसरा पर्यायच ठेवला नाही तिच्या खुशीचा दाखला देऊ नये.

या सगळ्यात एकच माणूस असा आहे ज्याला हे थांबवता येतं, आणि तो त्या दिवशी नसतो. म्हणून हे बोलणं बाप हयात असताना, बाप आणि लेक यांच्यात व्हायला हवं. बाप गेल्यावर तो बहीण-भावांचा झगडा होतो. बाप असताना तो बापाचा निर्णय असतो. त्यातही स्वकष्टाची जमीन असेल तर बापाची इच्छाच शेवटची. मृत्युपत्रात ती त्याने फक्त मुलग्यांना दिली तर लेकीला कायदा काही देत नाही. सोलापूर भागातल्या कितीतरी बागा अशा आहेत की जमीन आजोबांची कोरडवाहू आणि त्यालगतची विकत घेतलेली, विहीर पाडलेली, मांडव उभा केलेला बापाचा. कुठली वडिलोपार्जित आणि कुठली स्वतःची, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. घरात हा विषय काढता येत नाही. लेकीने काढला तर ती हावरी. सून ऐकते, भाऊ ऐकतो, शेजारी ऐकतात. दोघंच गाडीत असताना, वेळापूर-अकलूज रस्त्यावर, दोन्ही बाजूंना कुणाकुणाच्या बागा मागे जात असताना, तो आपोआप निघतो. ही बाग कुणाची, किती एकर, वाटण्या झाल्या का, बहिणी किती.

यावर एक प्रामाणिक हरकत आहे आणि ती मला भावानेच घातली. तो म्हणाला, पहाटे फवारणी मी करणार, गारपीट मी सोसणार, डाऊनीचा रोग आला की रात्र मी काढणार, आणि वाटा पुण्यात बसलेल्या बहिणीला? या प्रश्नात खरं दुःख आहे. द्राक्षाची बाग म्हणजे ठेव नाही. ती दर आठवड्याला पैसा आणि झोप खाते. पण हा न्याय सगळ्यांना सारखा लावावा. आमच्याच भावकीत असे भाऊ आहेत जे वीस वर्षांपासून पुण्या-मुंबईत नोकरीला आहेत. त्यांची नावं सातबाऱ्यावर आहेत. फवारणीला येतोस का, असं त्यांना कुणी विचारलेलं नाही. जो राबतो त्याची जमीन, हे तत्त्व असेल तर ते चांगलं तत्त्व आहे; मग नोकरीवाल्या भावाचंही नाव कमी करा आणि विरळणीला येणाऱ्या बाईचं चढवा. आणि जन्माने मिळते हे तत्त्व असेल तर मीही त्याच घरात जन्मले. बहिणीला एक तत्त्व आणि भावाला दुसरं, हे चालणार नाही. राबण्याचा मोबदला वेगळा धरता येतो. उत्पन्नातला मोठा भाग करणाऱ्याला जावा, मालकीची नोंद सगळ्यांची राहावी, असं घरात ठरवता येतं.

लग्नात खर्च केला तोच तिचा वाटा, ही दुसरी हरकत मी फार मनावर घेत नाही. तो खर्च मांडवावर, जेवणावर, मानपानावर गेला. तो तिने मागितला नव्हता, आणि भावाच्या लग्नातही झाला होता.

अकलूजहून परत येताना आप्पांनीच विषय काढला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “नाव लावायचं तर कर्जबी येतंय संगं. सोसायटीचं हाय, बँकेचं हाय. चालंल का?” त्यांना वाटलं असावं की मी कचरेन. इतकी वर्षं लेकीला कर्जाची झळ लागू नये म्हणून त्यांनी जपलं, आणि त्या जपण्यातच तिला बाहेर ठेवलं गेलं, हे त्या क्षणी दोघांनाही कळलं असं मला वाटतं. मी म्हणाले, चालेल, पण आधी हिशेब दाखवा. घरी आल्यावर त्यांनी वह्या काढल्या. भाऊ सुरुवातीला तिथे बसला नाही. दुसऱ्या दिवशी बसला.

अजून फेरफार झालेला नाही. भावाची अडचण व्यवहारातली आहे: नाव लागलं की दरवर्षी पीककर्जाला माझी सही लागणार, मी पुण्याहून वेळेवर येणार का. ती रास्त आहे. तारखेला मी सोलापुरात असेन, असं मी कबूल केलं आहे, आणि येत्या खरड छाटणीच्या खर्चात माझा हिस्सा घालते आहे. बदल्यात हंगामाचा पूर्ण हिशेब मला दिसावा, एवढं मागितलं. भाऊ म्हणाला, मग औषधांची बिलंही वाच. गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची वाचून झाली आहेत. सगळ्यात मोठा खर्च फळछाटणीनंतरच्या अवकाळी पावसात डाऊनीवर झालेला आहे, आणि त्यातल्या दोन फवारण्या एकाच आठवड्यात का झाल्या, हे मला भावाला विचारायचं आहे.